तुरुंगातून सुटलेल्या भावाला पुन्हा उभं कसं करायचं?

प्रश्न: माझा धाकटा भाऊ एकवीस वर्षांचा आहे. नुकतीच अठरा पूर्ण झाली होती तेव्हा एका मारामारीत त्याच्या हातून एका मुलाचं मनगट मोडलं. भारतीय दंड विधानाच्या कलम ३२५ खाली ३ वर्षांची शिक्षा झाली. शिक्षेत मिळालेली सूट धरून अडीच वर्षांनी, दोन महिन्यांपूर्वी तो सुटून आला. आत सुतारकाम शिकलाय. घरी आल्यापासून दिवसभर झोपतो, कुणाशी बोलत नाही. माल पोचवायच्या एका कंपनीत लागला होता, पोलीस पडताळणीनंतर अकराव्या दिवशी काढून टाकलं. आतल्या ओळखीच्या मुलांचे फोन येतात. आई रडते, वडील त्याच्याशी बोलत नाहीत. नोकरी शोधताना त्यानं हे लपवावं का? आणि तो खरंच सुधारलाय हे आम्ही कसं ओळखायचं?

उत्तर:

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. तो खरंच सुधारलाय का, हे तुम्हाला आज कळणार नाही, आणि त्यालाही ते माहीत नाही. म्हणून तो प्रश्न काही महिने बाजूला ठेवा, असं मी आधी सांगेन. गेली सत्तावीस वर्षं मी महाराष्ट्रातल्या तुरुंगांत आणि तिथून सुटलेल्या तरुण मुलांबरोबर काम करते आहे. आईच्या गळ्याची शपथ घेऊन, देवापुढं नारळ फोडून ‘आता परत नाही’ म्हणणारी मुलं मी पुष्कळ पाहिली. ती खोटं बोलत नव्हती. पण त्यांतली कोण बाहेर टिकली हे बघायला गेले, तर शपथेचा त्याच्याशी फारसा संबंध दिसला नाही. टिकली ती मुलं, ज्यांना सकाळी ठरावीक वेळेला कुठंतरी पोचायचं होतं, आणि नाही पोचलं तर ‘काय रे, आला का नाहीस?’ असं विचारणारं कुणीतरी तिथं होतं.

हा माझ्या एकटीचा अनुभव नाही. अमेरिकेत शेल्डन आणि एलिनॉर ग्लूक या दांपत्यानं बॉस्टन परिसरातून सुधारगृहांत पाठवलेल्या ५०० मुलांचा अभ्यास १९४० च्या सुमाराला सुरू केला होता. पुढं जॉन लॉब आणि रॉबर्ट सॅम्पसन यांनी ते जुने कागद धुंडाळले आणि त्यांतल्या ५२ जणांना उतारवयात गाठून त्यांच्या मुलाखती घेतल्या. गुन्हेगारी सुटलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी ‘आजपासून सुधारायचं’ असा कुठला दिवस ठरवलेला नव्हता. कायमचं काम, संसार, सैन्यातली नोकरी यांत ते गुंतत गेले, आणि कधीतरी त्यांच्या लक्षात आलं की आपल्याकडं गमावण्यासारखं बरंच जमलंय. तुमच्या भावाकडं आज गमावण्यासारखं काही नाही. ते जमवायला त्याला मदत करायची, एवढंच आपलं काम आहे, आणि त्याला वेळ लागतो.

आता घरातलं. दिवसभर झोपतो असं तुम्ही लिहिलंय. रात्री झोपतो का, ते विचारा. बराकीत रात्रभर दिवे चालू असतात, एका छताखाली कितीतरी माणसं खोकत, घोरत, कुजबुजत पडलेली असतात. त्यात झोपायची सवय झालेल्या मुलाला घरातला अंधार आणि शांतता झेपत नाही. पॅसेजमधला दिवा काही आठवडे चालू राहू द्या. तो जेवताना घाईनं गिळत असेल, बाथरूमला जाताना सांगून जात असेल, बंद दारापाशी नुसता उभा राहत असेल, तर त्याला हसू नका आणि टोकूही नका.

एका मुलाच्या आईनं मला घाबरून फोन केला होता. मुलगा रोज संध्याकाळी साडेपाच-सहाच्या सुमाराला हातातलं सगळं सोडून आतल्या खोलीत जातो आणि भिंतीला पाठ लावून उकिडवा बसतो. टीव्ही चालू असो, पाहुणे बसलेले असोत. मी गेले तेव्हा तो तसाच बसला होता; हात गुडघ्यांवर, नजर खाली, आणि शेजारी एका माणसापुरती जागा सोडलेली. ती गिनतीची वेळ होती. आत जोडीजोडीनं बसवून माणसं मोजतात आणि मग बराक बंद होते. तीन वर्षं तो रोज तसा बसला होता, आणि शेजारची ती जागा त्याच्या जोडीदाराची होती. मी आईला एवढंच सांगितलं की बरोबर त्या वेळेला त्याला बाहेरचं काम सांगत जा. तिनं भाचीला शिकवणीहून आणायचं काम त्याच्यावर टाकलं. शिकवणी सहाला सुटायची. पहिले काही दिवस तो अस्वस्थ व्हायचा, घड्याळ बघायचा. दीडेक महिन्यात ते बसणं थांबलं. आठ वर्षांची पोर फाटकाशी आपली वाट बघत उभी असते, उशीर झाला तर रुसते, यात त्याला जे मिळालं ते मला कुठल्या समुपदेशनातून देता आलं नसतं.

तुमच्या घरात असं कोणतं काम आहे, जे त्यानं नाही केलं तर खरंच अडेल? ते शोधा. मन रमावं म्हणून दिलेलं काम नको. माणसाला दयेनं दिलेलं काम लगेच ओळखू येतं, आणि आत राहून आलेल्याला तर फारच लवकर.

एक गोष्ट मात्र करू नका. बरीच घरं करतात म्हणून सांगते. टेबलावर मुद्दाम पाकीट ठेवायचं, कपाट उघडं ठेवायचं, आणि नंतर पैसे मोजायचे. त्याला ते कळतं. तुरुंगात प्रत्येक नजर वाचायला शिकावं लागतं, नाहीतर तिथं निभाव लागत नाही. विश्वास बसत नसेल तर पैसे कुलपात ठेवा आणि त्याला सरळ सांगा, ‘अजून मला वेळ लागेल.’ सरळ बोलण्यानं तो दुखावला तरी ते निवतं. सापळा लावलेला त्याला समजला, तर ते तो विसरणार नाही.

झोप, जेवण आणि बोलणं आणखी महिनाभर असंच राहिलं, किंवा ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असं काही तोंडून आलं, तर थांबू नका. टेलि-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचार मिळतात. आणि आत जायच्या आधी त्याला कसली नशा होती का, हे शांतपणे विचारून घ्या. बराच काळ नशा सुटलेल्या शरीराची सहन करायची ताकद कमी झालेली असते. बाहेर आल्यावर जुन्याच मापानं घेतलं आणि जीव गेला, असं जगभर घडतं. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात सुटलेल्या कैद्यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचं प्रमाण इतर लोकांच्या जवळजवळ तेरापट होतं, आणि सगळ्यांत मोठं कारण नशेचा अतिरिक्त डोस हे होतं.

आतल्या मुलांचे फोन. इथं बहुतेक घरं ‘त्यांचा नाद सोड’ म्हणून मोकळी होतात आणि मुलगा दाराआडून फोन घ्यायला लागतो. त्या मैत्रीत खरं काहीतरी असतं हे आधी मान्य करा. नवीन आत आलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला कुणीतरी झोपायला जागा करून दिलेली असते, साबण दिलेला असतो, मार खाण्यापासून वाचवलेलं असतं. घरचे तुरुंगात भेटायला येऊ शकले नाहीत त्या महिन्यात कॅन्टीनचा खर्च कुणीतरी उचललेला असतो. म्हणून मी सुटलेल्या प्रत्येक मुलाला पहिल्या आठवड्यातच विचारते: आत कुणाचं देणं आहे का? तुम्हीही विचारा, आणि उत्तर आलं तर रागावू नका. मुलं परत ओढली जातात ती मजेपायी कमी आणि या उपकारापायी जास्त. फोनवर कुणी लगेच ‘गुन्हा कर’ म्हणत नाही. ‘एवढी पिशवी तिकडं पोचव’, ‘दोन दिवस गाडी तुझ्या दारात राहू दे’ असं म्हणतात. देणं असेल तर ते पैशात आणि लवकर फेडा, घरातलं मोठं माणूस बरोबर नेऊन फेडा, आणि तिथंच सांगा की हिशेब संपला. पिशवी पोचवून कुठलंही देणं फिटत नाही, ते वाढतं. फोन नंबर बदलायचा असेल तर त्यानं स्वतः बदलू दे. तुम्ही हिसकावून घेतलात तर तो दुसरा आणेल.

आता नोकरी. लपवावं का, असं तुम्ही विचारलंय. खोटं बोलू नये. पण दारात पाय ठेवताच सांगायलाही हवं, असं नाही. छापील अर्जात ‘शिक्षा झाली आहे का’ असा रकाना असेल तर तिथं खरंच लिहायचं. रकाना नसेल, तर आधी काम दाखवायचं, आणि ज्याच्या हाताखाली काम करायचं आहे त्या एका माणसाला पडताळणीचा कागद येण्याआधी स्वतःच्या तोंडानं सांगायचं. तुमच्या भावाच्या बाबतीत अकराव्या दिवशी बहुधा हेच झालं असावं: त्यांना कागदावरून कळलं, त्याच्याकडून नाही. अर्थात सांगूनही काढलं असतं, असंही होतं. पण मग ते पहिल्या दिवशीच झालं असतं आणि दहा दिवसांचा जीव टांगणीला लागला नसता.

काय सांगायचं, तेही ठरवून ठेवावं लागतं. ही मुलं दोन चुका करतात. एकतर ‘मला अडकवलं’ इथून सुरुवात करून अर्धा तास पूर्ण केस सांगतात, नाहीतर मान खाली घालून गप्प बसतात. मी मुलांकडून तीन वाक्यं पाठ करून घेते, अगदी आरशासमोर उभं करून. तुमच्या भावासाठी ती अशी असतील: ‘अठरा वर्षांचा असताना मारामारीत माझ्या हातून एकाचं मनगट मोडलं. त्याची शिक्षा मी पूर्ण भोगली, आता माझ्यावर कुठली केस नाही. मला सुतारकाम येतं, एक आठवडा काम बघा आणि मग ठरवा.’ पहिल्या वाक्यात चूक त्याची स्वतःची आहे आणि तिसऱ्यात बोलणं कामावर आलंय. यापेक्षा जास्त विचारलं तर उत्तर द्यायचं, आपणहून वाढवायचं नाही. घरी तुम्ही मालक व्हा आणि त्याला बोलायला लावा. पहिल्यांदा आवाज फुटणार नाही. दहाव्या खेपेला फुटेल.

कुठली दारं सध्या बंद आहेत, तेही स्पष्ट सांगते, म्हणजे तिथं डोकं आपटण्यात वर्ष जायचं नाही. खासगी सुरक्षारक्षकाच्या कामाला २००५ च्या कायद्यानुसार चारित्र्य पडताळणी लागते. प्रवासी वाहनाच्या बॅजलाही पोलीस पडताळणी आड येते. नैतिक अधःपतनाचा मानला जाणारा गुन्हा आणि किमान २ वर्षांची शिक्षा असेल, तर १९६७ च्या पासपोर्ट कायद्यानुसार शिक्षा झाल्यापासून ५ वर्षं पासपोर्ट नाकारता येतो. मारामारीचा गुन्हा त्यात बसतो की नाही हे प्रकरण पाहून ठरतं. सरकारी नोकरीच्या अर्जात माहिती दडवणं सगळ्यांत घातक. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात म्हटलंय की उमेदवारानं खरी माहिती द्यायलाच हवी, आणि तरुणपणातल्या किरकोळ गुन्ह्याच्या बाबतीत नेमणूक करणारा नरमाईनं विचार करू शकतो. तीन वर्षांची शिक्षा किरकोळात धरली जाईल अशी आशा मी तुम्हाला लावणार नाही.

पण सुतारकामाला चारित्र्याचा दाखला कुणी मागत नाही, आणि तुमच्या भावाच्या हातात ते आहे. आतलं प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र असेल आणि त्यावर कारागृहाचं नाव असेल, तर ते फाडू नका, पण पहिल्यांदा पुढंही करू नका. त्याऐवजी त्यानं घरी एक स्टूल, एक छोटी मांडणी बनवावी, फोनमध्ये फोटो काढावेत. फर्निचरवाल्याला सांध्याचा फोटो कागदापेक्षा जास्त कळतो. पुढं आयटीआयचा अल्पमुदतीचा कोर्स केला तर कागदही होईल. शिक्षण अर्धवट राहिलं असेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. स्वतःचं काम सुरू करायचं झालं तर महिला व बाल विकास विभागाच्या जिल्हा परिविक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्यांकडं मुक्त बंद्यांसाठीच्या, म्हणजे सुटून आलेल्या कैद्यांसाठीच्या अर्थसाहाय्याची चौकशी करा. फार थोडे लोक तिथं जातात. मुंबई परिसरात असाल तर टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून हेच काम करतो आहे.

एका फॅब्रिकेशनच्या कारखान्याचं सांगते. मालकानं आमच्या मुलाला ठेवलं आणि चार महिन्यांनी शटरची किल्ली दिली. मला फार आनंद झाला. नंतर कळलं की मुलगा रोज वीस मिनिटं आधी पोचतो आणि शटर न उघडता रस्त्यापलीकडं उभा राहतो. दुसरा कुणी कामगार आला की मगच उघडतो. आत एखादा पाना कमी निघाला तर नाव आपलंच येणार, ही भीती. मालकानं त्याला काही समजावलं नाही. एक शंभर पानी वही आणली आणि ठरवलं की रोज संध्याकाळी दोघांनी मिळून अवजारं मोजायची, सही करायची, आणि सकाळी त्यानं एकट्यानं मोजून सही करायची. मोजणं त्या मुलाला नवीन नव्हतं. फक्त आता मोजणारा तो होता. त्या वहीनं त्याची भीती गेली, आणि मालकाचीही थोडी असेलच, तीही गेली. भरवसा म्हणजे डोळे मिटून सगळं सोपवणं, असं लोकांना वाटतं. मला तरी अशी वही जास्त कामाची वाटते. तुमच्या घरातही पैशांचा व्यवहार त्याच्या हातात द्याल तेव्हा लिहून द्या, लिहून घ्या. त्यात अपमान नाही, उलट त्याच्या बाजूनं पुरावा तयार होतो.

माझ्या हातून झालेली एक चूकही सांगितली पाहिजे. एक मुलगा फार चांगला सावरला होता. मी त्याला एका कार्यक्रमात व्यासपीठावर नेलं, त्याची कहाणी त्यालाच सांगायला लावली. टाळ्या पडल्या, कुणीतरी व्हिडिओ काढला. तो त्याच्या घरमालकापर्यंत पोचला आणि आठवड्यात त्याला खोली सोडावी लागली. तो मला काही बोलला नाही, आणि ते मला आजही सलतं. तेव्हापासून मी कुणालाही असं उभं करत नाही. तुमच्या नातेवाइकांत कुणी ‘ये रे, मुलांना चार गोष्टी सांग, म्हणजे ती सुधारतील’ म्हणालं तर तुम्ही मध्ये पडा. आपला भूतकाळ कधी आणि कुणासमोर उघडायचा, हे त्याचं त्यानं ठरवायचं आहे.

ज्या मुलाचं मनगट मोडलं, त्याच्याबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही. घरच्यांचं दुःख इतकं मोठं असतं की तो मुलगा नजरेआड होतो, हे मी समजू शकते. पण तुमच्या भावाच्या मनात तो आहे, अशी माझी खात्री आहे. माफी मागायला त्याच्या दारात जाऊ देऊ नका. आपल्या मनावरचं ओझं उतरवण्यासाठी त्याच्या घरची कडी वाजवायचा हक्क आपल्याला नाही. त्यांना ती धमकी वाटू शकते, आणि पोलिसांत तशी तक्रारही होऊ शकते. हवं तर त्यानं पत्र लिहावं आणि स्वतःजवळ ठेवावं. मी मुलांना ते लिहायला लावते. पहिल्या मसुद्यात ‘पण त्यानं आधी शिवी दिली’ असतंच. तिसऱ्या-चौथ्यात ते जातं. समोरच्या कुटुंबाकडून कधी आपणहून विचारणा झाली, तर मध्यस्थ घेऊन भेटावं. नाही झाली तर ते पत्र तसंच राहील, आणि ते त्यानं सोसायचं आहे.

वडिलांना मी बोलते करू शकत नाही, तुम्हीही नाही. पण न बोलता शेजारी बसून काम करता येतं. घरात एखादं लाकडी काम काढा ज्यात दोघांचे हात लागतील: फळी एकानं धरायची, दुसऱ्यानं स्क्रू मारायचा. ‘जरा वर’, ‘बस, धर’ एवढं तरी बोलावंच लागतं. कितीतरी घरांत बोलणं असंच सुरू झालेलं मी पाहिलंय. आईला मात्र सांगा की त्याच्यासमोर रडू नका. तिच्या प्रत्येक रडण्यानं त्याच्यावर पुन्हा एकदा खटला चालतो.

मध्येच घसरेल, याची तयारी ठेवा. एखाद्या रात्री पिऊन येईल, काम सोडेल, दोन दिवस गायब होईल. त्या वेळी ‘आम्हाला माहीतच होतं’ हे वाक्य कुणाच्याही तोंडून येता कामा नये. ते ऐकल्यावर ‘मग कशाला धडपडायचं’ असं म्हणून कायमची गेलेली मुलं मला माहीत आहेत. परत आला की जेवायला वाढा, झोपू द्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ठरलेल्या वेळेला उठवा. हाणामारी किंवा घरातल्या कुणावर हात उचलणं मात्र या माफीत बसत नाही. तसं झालं तर तुम्ही स्वतःला आधी वाचवायचं आणि मदत मागायची, तो कितीही लाडका असला तरी.

शेवटी कायद्याचं, आणि यातला एक भाग तातडीचा आहे.

सुटकेच्या कागदाच्या दोन-तीन प्रती काढून ठेवा, एक त्याच्या पाकिटात राहू द्या. रेशनकार्डातून नाव कमी झालं असेल तर ते घालून घ्या. मतदार यादीत नाव तपासा. कैदेत असताना मत देता येत नाही, बाहेर आल्यावर तो हक्क परत मिळतो. मतदानाचं ओळखपत्र हातात आल्यावर रडलेला मुलगा मी पाहिला आहे. खटल्यात त्याचा फोन मुद्देमाल म्हणून जप्त असेल तर कोर्टात अर्ज करून तो परत मागता येतो.

सणासुदीच्या किंवा निवडणुकीच्या आधी पोलीस त्याला बोलावण्याची शक्यता आहे. रेकॉर्डवरच्या मुलांवर प्रतिबंधक कारवाई होते, आपल्याकडं सगळे तिला ‘चॅप्टर केस’ म्हणतात. त्यानं एकट्यानं जाऊ नये, घरातलं कुणीतरी बरोबर असावं, आणि कशावर सही करतोय ते वाचल्याशिवाय सही करू नये. चांगल्या वर्तणुकीचा बॉण्ड न वाचता सही करतात, पुढं कुठं नाव आलं की तो मोडला म्हणून थेट आत जावं लागतं, हे मी वारंवार पाहिलंय. तडीपारीची नोटीस आली तर घाबरून गाव सोडू नका. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ५९ खाली आधी बाजू मांडायची संधी द्यावी लागते, आणि आदेश झालाच तर कलम ६० खाली ३० दिवसांत राज्य शासनाकडं अपील करता येतं. त्या वेळी कामावरची हजेरी, मालकाचं पत्र, कोर्सची पावती हेच उपयोगी पडतं. म्हणून असला प्रत्येक कागद आजपासून एका फाईलमध्ये ठेवा.

अपील केलं होतं का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. शिक्षेच्या वेळी तो एकवीसच्या आत होता. तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडण्याचा, १९५८ चा परिविक्षा कायदा आहे. त्याचं कलम ६ सांगतं की एकवीसखालच्या मुलाला, गुन्हा जन्मठेपेचा नसेल तर, तुरुंगात का पाठवतोय याची कारणं कोर्टानं लिहून ठेवायला हवीत. निकालात ती आहेत का, ते वकिलाला दाखवा. अपील चालू असेल तर वरच्या कोर्टालाही त्या कायद्याचा लाभ देता येतो, आणि तो मिळाला तर कलम १२ नुसार शिक्षेमुळं येणारी अपात्रता राहत नाही.

आणि आता तातडीचं. ‘नुकतीच अठरा पूर्ण झाली होती’ असं तुम्ही लिहिलंय. नुकतीच म्हणजे कधी? अटकेच्या वेळी वय पुष्कळदा विचारून, अंदाजानं लिहितात. आरोपपत्रात एकोणीस आणि शाळेच्या दाखल्यावर सतरा वर्षं दहा महिने, असं एक प्रकरण माझ्या हातून गेलंय. घटनेच्या दिवशी वय अठराला एक दिवस जरी कमी असेल, तर २०१५ चा बाल न्याय कायदा लागतो. वयाचा हा मुद्दा कलम ९ नुसार कोणत्याही कोर्टात, कोणत्याही टप्प्यावर, प्रकरण निकाली निघाल्यावरसुद्धा मांडता येतो. तो सिद्ध झाला तर कलम २४ नुसार शिक्षेमुळं येणारी कुठलीही अपात्रता त्याला चिकटत नाही आणि अशा प्रकरणातलं रेकॉर्ड नष्ट करायची तरतूद आहे. मोठ्यांच्या शिक्षा ठरावीक वर्षांनी पुसल्या जाण्याचा कायदा ब्रिटनमध्ये १९७४ पासून आहे, आपल्याकडं तसा नाही. त्यामुळं तुमच्या भावासाठी या एका तारखेला फार किंमत आहे.

कागदांचा क्रम कायद्यानंच कलम ९४ मध्ये ठरवून दिलाय: आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर पालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा, १५१०० वर फोन करूनही विचारता येतं.

सोमवारी शाळेचं ऑफिस उघडलं की जन्मतारखेचा दाखला मागा, आणि जाताना त्याला बरोबर घेऊन जा. एफआयआरवरची घटनेची तारीख त्या दाखल्याशेजारी ठेवून दोघांनी मिळून बघा. काय निघतं ते मला कळवा.